होम पार्टिशन तेच ठेवलं, तरी फायलींचे मालक उलटसुलट

कीबोर्डकर:
लिनक्समधलं उबुंटू २२.०४ काढून डेबियन १२ (दुसरं लिनक्स) टाकलं. होमचं, म्हणजे सगळ्या खात्यांच्या फायलींचं, पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं होतं, ते फॉरमॅट केलं नाही. पूर्वी 'आई' हे खातं आधी आणि 'दादा' नंतर बनलं होतं. या वेळी इन्स्टॉलरमध्ये दादा आधी झाला. आता आईच्या फोल्डरचा मालक दादा दिसतो आणि ग्राफिकल लॉगिन दोघांनाही परत पासवर्डवर आणून सोडतं. होमवर सरसकट चाऊन (फायलींचा मालक बदलणारी कमांड) चालवू का?

सुडोपंत:
चाऊन नको. डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, खात्याचा आकडा (यूआयडी) असतो. 'एलएस -एलएन' केलं की दिसेल. डेबियन आणि उबुंटूत पहिल्या खात्याला १०००, दुसऱ्याला १००१. लाखभर फायलींना हात लावण्यापेक्षा दोन खात्यांचे आकडे बदला. थेट अदलाबदल होणार नाही, आकडा मोकळा हवा. म्हणून यूजरमॉड (खातं बदलणारी कमांड) तीन पायऱ्यांत:
यूजरमॉड -यू ५००० दादा
यूजरमॉड -यू १००० आई
यूजरमॉड -यू १००१ दादा
ग्रुपच्या आकड्यांसाठी याच क्रमाने ग्रुपमॉड -जी, नाहीतर ग्रुप उलटेच राहतील. हे दादाच्या खात्यातून सुडोने (प्रशासकाचे अधिकार तात्पुरते घेऊन) केलंत तर खातं वापरात आहे म्हणून नकार मिळेल. आधी रूटला (प्रशासकाच्या मुख्य खात्याला) पासवर्ड द्या, रीबूट करा, कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून थेट रूटने शिरा.

शेलमामा:
पुढच्या वेळेसाठी: पासडब्ल्यूडी, शॅडो, ग्रुप आणि जीशॅडो या खाती, पासवर्ड आणि ग्रुपच्या चारही फायली आधी बाजूला ठेवा, पण नव्या सिस्टिमवर अख्ख्या ओतू नका. १०० ते ९९९ मधले आकडे पॅकेजेस ज्या क्रमाने बसतात तसे वाटले जातात. जुनी फाइल ओतली की पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा दुसऱ्याच सर्व्हिसच्या नावावर जाईल. फक्त १००० पासूनच्या ओळी घ्या, ६५५३४ (नोबडी) सोडून. दोनच खाती असतील तर खातं बनवताना यूजरअ‍ॅडला -यू देऊन आकडा सांगणं सोपं.
डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरेंचे ग्रुप नावाने जोडा: यूजरमॉड -एजी, यात ए छोटा, जी कॅपिटल. छोटा ए विसरलात तर सुडो ग्रुपमधूनही बाहेर.

कंटेनरवाला:
रूटशिवाय पॉडमन (डॉकरसारखंच सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अजून एक. ईटीसीमधल्या सबयूआयडी आणि सबजीआयडी फायलींतही क्रम उलटला असणार: कंटेनरच्या आत वापरायला पहिल्या खात्याला १००००० पासून ६५५३६ आकडे, दुसऱ्याला १६५५३६ पासून. तिथे नावं असल्यामुळे यूजरमॉड -यू ते दुरुस्त करत नाही. दोन्ही फायलींत नावांची अदलाबदल करा, मग त्या-त्या खात्यातून 'पॉडमन सिस्टिम मायग्रेट'.