मदत हवी आहे: झोपलेला टीबी जागा कसा होतो?

आईला (वय ६२) रुमॅटॉइड संधिवात आहे. गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलं. त्याआधी केलेली इग्रा (टीबीच्या जंतूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली. खोकला नाही, ताप नाही, एक्सरे स्वच्छ. "जंतू आहेत, पण झोपलेले. आधी त्यांच्या गोळ्या, निदान महिनाभराने इंजेक्शन," इतकं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

बहात्तरच्या दुष्काळात आजोबांना क्षय झाला होता. ते मागच्या खोलीत असत. आई तेव्हा नऊ वर्षांची. रिपोर्ट आल्यापासून तिने स्वतःचं ताट-पेला वेगळा काढलाय.

जंतू पन्नास वर्षं जगतो कसा? आणि संधिवाताच्या इंजेक्शनने त्याला जाग का यावी?

सूक्ष्मदर्शी:
आधी ताट जागेवर ठेवा. सुप्त टीबी दुसऱ्याला लागत नाही, आणि जागा झालेला टीबीसुद्धा हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. आणि हा जंतू आजोबांचाच असेल असंही नाही, आपल्याकडे तो एसटीतही भेटतो.

फुफ्फुसात जंतू शिरला की रोगप्रतिकारक पेशी त्याला गराडा घालतात, तो ग्रॅन्युलोमा. आत प्राणवायू कमी पडला की जंतूची डॉसआर यंत्रणा पन्नासेक जनुकं चालू करते. वाढ जवळजवळ थांबते, साठवलेल्या चरबीवर गुजराण चालते.

जागं होण्याची गंमत पुढे आहे. जंतूची भिंत जाळीसारखी घट्ट विणलेली असते. वाढायचं तर आधी काही टाके उसवावे लागतात. ते काम आरपीएफ प्रथिनं करतात. असं प्रथिन १९९८ साली मायक्रोकॉकस ल्यूटियस या साध्या जंतूत सापडलं. टीबीच्या जंतूकडे तसली पाच आहेत. पाचही काढून टाकली तरी तो प्रयोगशाळेत वाढतो, पण एकदा झोपला की उठताना अडखळतो.

आता इंजेक्शन. अधूनमधून जागे होणारे जंतू गराड्यातच दाबले जातात. गराडा टिकवायला टीएनएफ हे रोगप्रतिकारक पेशींचं निरोप्या प्रथिन लागतं, आणि सांधे सुजवण्यातही त्याचाच हात. अ‍ॅडालिमुमॅब त्यालाच अडवतं. सांधे सुटतात, पहाराही सुटतो. याच जातीच्या इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांच्या नोंदी २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

बारा डोस:
मी गेल्या वर्षी झोपलेल्या टीबीसाठी आयसोनियाझिड-रिफापेंटिन घेतलं, आठवड्यातून एकदा, तीन महिने. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. आई मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं औषध) घेत असतील तर लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका. स्टेरॉइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रिफापेंटिनने त्याचा असर घटतो.

धागाकर्ता:
मेथोट्रेक्सेट चालू आहे, दर रविवारी. उद्याच एलएफटी करून घेतो. ताट मांडणीत परत गेलं, पेला अजून वेगळाच आहे.