मदत हवी आहे: व्हिडिओ कॉलवरून प्रयोग घेताना सुरक्षितता कशी सांभाळता?

नमस्कार मंडळी. मी रविवारी गावाकडच्या आठवीच्या मुलांकडून व्हिडिओ कॉलवर विज्ञानाचे प्रयोग करून घेते. पुढचा प्रयोग पाण्याच्या विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा: ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली शिसं आणि पाण्यात खायचा सोडा. पुष्कळजण सोड्याऐवजी मीठ टाकायला सांगतात. पण मिठाच्या पाण्यातून धन टोकाशी क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, बंद खोलीत तो नकोच. मोबाइलच्या चार्जरची वायर कापायची टूम एकाने काढली होती, तिला साफ नकार दिलाय.

खरी अडचण पुढे आहे. ऋण टोकाशी हायड्रोजन जमतो हे कळलं की 'ताई, काडी लावून बघू?' हे येणारच. मी समोर असते तर परीक्षानळीत थोडासाच वायू घेऊन तो पेटताना होणारा 'पॉप' आवाज ऐकवला असता. पण तिथलं नेटवर्क ऐन वेळी जातं, आणि घरची मोठी माणसं तेव्हा शेतात असतात.

दुरून शिकवणारे तुम्ही काय करता? मोठं माणूस शेजारी नसेल तर प्रयोग रद्दच करता का? 'कॉल तुटला की आधी बॅटरी काढायची' असा नियम मुलं खरंच पाळतात? पालकांसाठी मराठीत छोटं सूचनापत्रक कुणी केलं असेल तर कृपया पाठवा.