क्रोशाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ: सगळे नमुने दाखवू की एकच?

साखळीखांब:
नमस्कार मंडळी. क्रोशाचं पुस्तक लिहून पूर्ण झालंय. २४ नमुने, १६० पानं, आकार उभा, ८ × १० इंच. आतली पानं मनासारखी झाली आहेत, मुखपृष्ठ मात्र जमत नाहीये. चार वेळा फोटो काढले. शाल, पिशवी, गोल रुमाल, बाळाचे मोजे, उशीचा अभ्रा असं सगळं जमिनीवर मांडून वरून फोटो घेतला. नुसता फोटो छान दिसतो, पण नाव टाकलं की टाक्यांमध्ये हरवतं. नावामागे पांढरी चौकट दिली तर वरून कागद चिकटवल्यासारखं वाटतं.

सॉफ्टवेअरचं बघणारं माणूस घरात आहे. मला मांडणीबद्दल सल्ला हवाय. वस्तू किती ठेवायच्या, फोटो वरून घ्यायचा की तिरका, आणि नाव कुठे बसवायचं? दोन वर्षं या पुस्तकावर घालवलीत, त्यामुळे घाई करायची नाहीये.

कोरीजागा:
तुमचा क्रम उलटा झालाय. आधी फोटो आणि मग नावाला जागा, असं केलं की नाव उपरंच राहतं. नावाची जागा आधी ठरवा आणि तेवढी जागा मोकळी राहील असाच फोटो काढा.

त्यासाठी कागदावर काडेपेटीएवढे दहा-बारा उभे चौकोन काढा. प्रत्येकात नावाचा एक काळा पट्टा आणि वस्तूचा एक गोळा, एवढंच. पट्टा वर, गोळा खाली उजवीकडे. पट्टा मधोमध, गोळा कडेनं कापलेला. असं करत जा. इतक्या लहान आकारात जी रचना चटकन कळते तीच पुढे न्या. लोक मुखपृष्ठ पहिल्यांदा बघणार ते मोबाईलवर, बोटाच्या पेराएवढं.

मग फोटो काढताना नावाच्या मापाची कागदाची पट्टी खरोखरच त्या जागी ठेवून बघा. पट्टीखाली एकही टाका येता कामा नये. तिथे साधं कापड किंवा रंगवलेली फळी असू दे. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि तुमचं पान ५:४, म्हणजे उंचीतला साधारण सोळावा भाग कापला जाणार. शिवाय चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापून टाकायचा जादा भाग, लागेल. म्हणून थोडं लांबूनच घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ब्लीड सोडून २४०० × ३००० पिक्सेल लागतात, तेवढे हल्ली सहज मिळतात.

वस्तू एकच, आणि तीही अर्धवट विणलेली. सुई टाक्यात अडकलेली, धागा गुंड्याकडे गेलेला. पूर्ण झालेला रुमाल बघून माणूस ‘सुंदर आहे’ म्हणतो. अर्धवट रुमाल बघून त्याला वाटतं, पुढचा खांब (उंच टाका) आपण घालावा. शिकवणाऱ्या पुस्तकाला हेच हवं. धागा नजरेला वाटही दाखवतो, तेव्हा त्याचं टोक नावाच्या दिशेनं जाऊ द्या, चौकटीबाहेर नको.

उजेड बाजूनं घ्या, खिडकीचा. समोरून फ्लॅश पडला की टाक्यांची उंचसखलता सपाट होते. तिरक्या उजेडात प्रत्येक खांबाला स्वतःची छोटी सावली मिळते, विणकाम हाताला लागेल असं दिसतं. रुमाल सपाट, म्हणून वरून चालेल. पिशवी घेतलीत तर तिरकाच कोन लागेल, नाहीतर तिची खोली दिसणार नाही.

आणखी एक. देवनागरी नावात शिरोरेषा ही आयती आडवी रेघ असते. रचनेत तिला धरूनच चाला. खालच्या कापडाची किंवा फळीची कड तिला समांतर ठेवलीत तर दोन्ही एकमेकांशी बोलतात. नाव दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत घुसत नाहीत ना, तेही बघा.

टोकदारसुई:
वरचं बरंचसं पटलं, पण ‘एकच वस्तू’ हे मी सरसकट मानणार नाही. हस्तकलेचं पुस्तक घेणारा आधी विचारतो, यात आहे काय काय? एकच रुमाल दिसला तर पुस्तक रुमालांचंच वाटेल. तीन वस्तू घ्या, पण तिन्ही सारख्या मापाच्या नकोत. एक मोठी, एक मध्यम, एक अगदी लहान, आणि एकमेकींना थोड्या झाकणाऱ्या. तुमच्या फोटोत पाचही वस्तू सुट्या आणि सारख्या अंतरावर असणार, म्हणून नजर कुठेच थांबत नाही.

बाकी नमुने मलपृष्ठावर द्या. २४ म्हणजे चार आडवे, सहा उभे चौकोन. सगळे एकाच उजेडात, एकाच पार्श्वभूमीवर. खाली बारकोडची जागा आधीच सोडा.

डावखुरी:
छोटंसंच, पण महत्त्वाचं. रचना जुळावी म्हणून फोटो आरशासारखा उलटवू नका. माझ्या एका पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाकडे तसं झालं होतं. उजव्या हातातली सुई डाव्या हातात गेली, टाक्यांचा कलही उलटला. विणणाऱ्या प्रत्येकीनं पहिल्या नजरेत ओळखलं, आणि शिकवणाऱ्या पुस्तकावर तेवढ्यानं विश्वास उडतो. मला फार वाईट वाटलं होतं. हात दाखवणार असाल तर सुई तुम्ही रोज धरता तशीच धरा.

साखळीखांब:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुस्तकाच्या कण्याचं (पाठीच्या पट्टीचं) आणि रंगाचं काय करू? लोकर मोतिया रंगाची आहे, फळी फिकट करडी.

कोरीजागा:
१६० पानं म्हणजे ८० कागद. कण्याची जाडी कागदावर अवलंबून, म्हणून छपाईवाल्यांकडून त्याच कागदाची कोरी प्रत बांधून घ्या आणि मोजा. पुढचं चित्र कण्यावर वळवू नका, बांधणीत मिलिमीटरभर सरकलं तरी दिसतं. रंगासाठी फोटो काळा-पांढरा करून बघा. मोतिया आणि फिकट करडा एकच दिसले तर फळी गडद घ्या. नावाचंही तसंच तपासा.

साखळीखांब:
काळा-पांढरा करून बघितला, रुमाल फळीत विरघळूनच गेला होता. आता गडद निळं कापड घेतलंय. अर्धा रुमाल खाली उजवीकडे, कड थोडी कापलेली, धागा वर नावापर्यंत. मागे पिशवीचा कोपरा आणि मोज्यांची जोडी, म्हणजे दोघांचंही ऐकलं. नाव पांढऱ्यात थेट कापडावर बसलं, चौकट लागलीच नाही. पिशवी अजून जरा उंच वाटतेय, उद्या सकाळच्या उजेडात ती मागे सरकवून पुन्हा काढते.