मदत हवी आहे: जळगाव-मुंबई फ्लाइट, चार्ट आणि फ्लाइट सिम्युलेटरचा (सिमचा) डेटा जुळत नाही

राम राम भो मंडळी, एक्स-प्लेन ११ या सिमवर एटीआर ७२ विमान घेऊन जळगाव (व्हीएजेएल) ते मुंबई (व्हीएबीबी) अगदी खऱ्यासारखं उडवायचंय. एअरपोर्ट अथॉरिटीच्या ईएआयपीतून (ऑनलाइन वैमानिकी माहितीतून) मुंबईचे चार्ट फुकट घेतले, मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकासाठीचा हवेचा दाब, पण टाकला, तिथवर सगळं मस्त जमलं. पण चार्टवरचा स्टार (विमानतळाकडे येण्याचा ठरलेला मार्ग) एफएमसीत, म्हणजे विमानाच्या मार्ग-संगणकात, सापडतच नाही, कारण एअरॅक (मार्ग-चार्टच्या डेटाची सायकल) दर २८ दिवसांनी बदलतं आणि माझ्या सिममधला डेटा कितीतरी जुना. मार्ग हातानं वेपॉइंट (मार्गावरचे नाव दिलेले बिंदू) टाकून पाहिला, तर दोन पॉइंट सिमला माहीतच नाहीत. नव्या डेटाचं दर महिन्याचं सबस्क्रिप्शन परवडत नाही, नेट मोबाइलचं आहे. मग सिमच्या सायकलचे जुने चार्ट फुकट कुठं मिळतील, का स्टार सोडून नुसते रडार व्हेक्टर (कंट्रोलरनं सांगितलेल्या दिशा) धरून धावपट्टी २७ च्या आयएलएसवर (उतरायला वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) उतरवू?