उद्या शिक्षेवर सुनावणी आहे, भावाला काय बोलता येतं? लवकर सांगा

वैतागलेला_दादा:
आज भावाला दोषी ठरवलं. शिक्षेवर उद्या ऐकणार. वकील म्हणतात, "साहेबांपुढे हात जोडा, बाकी मी बघतो." कागद काही द्यायचे असतात का? गप्पा नकोत, रात्र एकच आहे.

कोर्टाबाहेर:
कलम? कोर्ट कुठलं?

वैतागलेला_दादा:
मारामारी. समोरच्याचा हात मोडला होता.

कोर्टाबाहेर:
कलम विचारलं, हात नाही.

वैतागलेला_दादा:
325. प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट. केस 2021 ची.

जुना_कारकून:
मग जुनी सीआरपीसीच (फौजदारी प्रक्रिया संहिता), कलम 248(2). शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं ऐकावंच लागतं. संता सिंग खटल्याचा निकाल, 1976: ऐकलं नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने फाशी रद्द करून शिक्षेपुरतं प्रकरण खाली परत पाठवलं. घरात कमावता कोण, आजारपण, आधी गुन्हा नाही, सगळं लेखी द्या. नुसतं "दया करा" म्हणून भागत नाही.

मुद्देसूद:
झालं, संता सिंग! दगडू 1977 वाचा. खाली ऐकायचं राहिलं तरी वरचं कोर्ट स्वतः ऐकू शकतं. दरवेळी परत पाठवत नाहीत.

जुना_कारकून:
दगडूमध्येही खरी संधी द्या असंच म्हटलंय. अर्धंच वाचता तुम्ही.

सह्याद्री७७:
आधी अटकपूर्व जामीन घ्या. मेव्हण्याला लगेच मिळालेला.

कोर्टाबाहेर:
दोषी ठरल्यावर अटकपूर्व? धन्य आहे.

राधिका_वकील:
भांडणं नंतर. भावाचं वय काय? आज 21 च्या आत असेल तर प्रोबेशन कायद्याचं (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणं) कलम 6 लागतं, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो.

वैतागलेला_दादा:
24 चालू. याआधी कधी पोलीस स्टेशनची पायरी चढलेला नाही.

राधिका_वकील:
मग कलम 4 चा अर्ज उद्याच द्या, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा म्हणून. जखमीला भरपाई द्यायची तयारी असेल तर तेही लिहा. नाकारलं तर सीआरपीसी 361 प्रमाणे खास कारणं नोंदवावी लागतात. जामिनावर आहे ना?

वैतागलेला_दादा:
हो, ते तर आहेच.

राधिका_वकील:
हे आधी सांगायचं! या मॅजिस्ट्रेटना तीन वर्षांच्या वर शिक्षा देताच येत नाही, म्हणून 389(3) चा अर्ज तयार ठेवा. खास कारण नसेल तर अपिलापुरता तेच कोर्ट जामीन देतं. अपील सेशन्सला, 30 दिवसांत. निकालाची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

वैतागलेला_दादा:
जुना जामीनदार चालेल?

राधिका_वकील:
नवा बाँड लागेल. त्याला कागदपत्रांसकट सकाळीच घेऊन या.