मदत हवी आहे: कॉम्प्युटरचा हेडसेट लँडलाइनला जोडायचाय

मंडळी, आई घरून पोळी-भाजीचे डबे देते. ऑर्डरी लँडलाइनवरच येतात, कारण पत्रकांवर वर्षानुवर्षं तोच नंबर आहे. एक हात कणकेत, दुसऱ्यात लाटणं आणि रिसीव्हर मान-खांद्यात. मान पार आखडलीय. स्पीकर लावला तर कुकरपुढे पलीकडच्याला काही कळत नाही.

घरात जुना हेडसेट होता, हिरवी पिन कानाची, गुलाबी माइकची. दोन्ही पिना कापल्या. रिसीव्हरच्या वेटोळ्या वायरीत चार तारा निघाल्या. मधल्या दोन कानाच्या, कडेच्या दोन माइकच्या (रिसीव्हर उघडून खात्री केली). डाव्या-उजव्या कानाच्या तारा एकत्र पिळून मधल्यांना जोडल्या, माइकच्या कडेच्यांना. रिकामा रिसीव्हर आता फक्त फोन ठेवायला-उचलायला.

ऐकू येतं, पण हळू. आपलं बोलणं मात्र पलीकडे जातच नाही. रिसीव्हर उचलल्यावर कडेच्या तारांवर मीटर २ व्होल्ट दाखवतो. कॉम्प्युटरवर हाच माइक ठणठणीत होता. फोन पुश-बटणाचा आहे. चुकतंय कुठे?

प्रतिसाद: पुश-बटणाचा फोन आणि २ व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रेट माइकची (कॉम्प्युटरच्या हेडसेटमध्ये असतो तो, चालायला थोडे व्होल्ट लागणारा) सोय आत आहे. जुन्या डायलच्या फोनात कार्बनचा माइक असतो, तिथे हे थेट जमलं नसतं. इलेक्ट्रेटला अधिक-उणे असतं, आधी माइकच्या तारांची अदलाबदल करा. शिवाय हेडसेटच्या तारांचा तो लाल-हिरवा रंग म्हणजे इनॅमलचा थर, त्यातून वीज जात नाही. नुसत्या पिळून जोड लागत नाही. टोक लायटरवर क्षणभर धरा, खरवडा, मग सोल्डर करा.

आवाजासाठी: दोन्ही कान समांतर जोडलेत, म्हणून प्रत्येकी ३२ ओहमचा (विजेला होणारा अडथळा) मिळून १६ झाला आणि आवाज पडला. दोन्ही कानांची सामायिक तार मोकळी सोडा, फक्त डावी आणि उजवी मधल्या दोघींना जोडा. मग कान एकापाठोपाठ जोडले जाऊन ६४ होतील. भिंतीकडच्या वायरीला मात्र हात लावू नका, तिथे ४८ व्होल्ट असतात आणि रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त.

धागाकर्ता: नुसत्या अदलाबदलीने काही झालं नाही, तारा जाळून खरवडल्यावर माइक लागला! आवाजही वाढला. मावशीला फोन लावून बघितला, म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद कर." आता एकच अडचण, रिसीव्हर उचलायला कणकेचा हात लागतोच. कोपराने दाबता येईल असं काही कुणी केलंय का?