हिवाळ्यात बेसमेंटची काँक्रीट भिंत कापून घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. काँक्रीट कटिंगच्या कामातले कोणी असतील, किंवा थंड प्रदेशात घराचं असलं काम कोणी करवून घेतलं असेल तर सल्ला हवाय. पोस्ट लांब झालीय, पण अर्धवट माहितीवर कोणाला काही सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहिलंय.

बेसमेंटमधली खोली मुलीला झोपायला द्यायची आहे. आत्ता तिथे जी खिडकी आहे ती छताला लागून एक अरुंद पट्टी आहे, आग लागली तर त्यातून कोणी बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे मोठी खिडकी बसल्याशिवाय खोली द्यायची नाही हे आमचं पक्कं आहे. भिंत ओतीव काँक्रीटची, २० सेंमी जाड, आत सळया. नवीन ओपनिंग १.२ मीटर बाय १.२ मीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग बाहेरच्या जमिनीखाली येतो, म्हणजे बाहेरून खड्डा घेऊन विंडो वेल (खिडकीसमोरची माती अडवणारी कडा) बसवावी लागणार. स्ट्रक्चरल इंजिनियर बघून गेलेत, लिंटेलचं (ओपनिंगच्या वरचा भार पेलणारी आडवी तुळई) आणि टेकूंचं ड्रॉइंग दिलंय, परवानगीही हातात आहे.

अडलंय ते थंडीवर. दिवसा उणे १० ते उणे १५ असतं, जमीन दगडासारखी झालीय. दोन कटिंगवाले येऊन बघून गेले. पहिला म्हणतो लगेच करून देतो, पाणी गोठेल म्हणून ड्राय कटिंग करू, व्हॅक्यूम लावतो, धूळ होणार नाही. दुसरा म्हणतो कटिंग मी उणे १५ मध्येही करीन पण खोदाई आत्ता करू नका. पहिल्याच्या कोटेशनमध्ये एकच ओळ आहे, "ओपनिंग कापणे व सफाई", एकरकमी. दुसऱ्याचं दोन पानी आहे, किती मीटर काप, किती खोल, सळया लागल्या तर काय, स्लरी (कापताना होणारा पाण्याचा आणि काँक्रीटच्या धुळीचा गाळ) कोण उचलणार, आणि ते अर्थातच महाग आहे. घरात सगळ्यांचा कल पहिल्याकडे आहे पण मला त्या ड्राय कटिंगची भीती वाटतेय. बाहेरचा नळ आम्ही हिवाळ्यात बंद करून रिकामा करतो, तर पाणी द्यायचं कुठून हाही प्रश्न आहेच. काय करावं?

साइटवरचा

ताई, मी बरीच वर्षं वॉल सॉ (भिंतीला लावलेल्या ट्रॅकवर सरकणारी करवत) आणि कोअर ड्रिलवर (गोल भोकं पाडायचं मशीन) काम केलंय. तुमची भीती बरोबर आहे. एवढ्या जाड आणि सळया असलेल्या भिंतीला डायमंड ब्लेड पाण्यावरच चालवतात, पाणी ब्लेड थंड ठेवतं आणि धूळ जागच्या जागी बसवतं. ड्राय कटिंग होतच नाही असं नाही, उथळ कापाला, हुड आणि चांगला फिल्टर लावून होतं, पण २० सेंमी आरपार म्हणजे ब्लेड सारखं तापणार, दर थोड्या वेळाने थांबून गार करावं लागणार, आणि घाईत कोणी थांबत नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस त्यातूनच होतो. त्यात तुमच्याकडे हीटिंग डक्टमधून गरम हवा फिरत असेल तर एका खोलीतली धूळ पंखा सगळ्या घरात नेऊन ठेवेल. काम चालू असताना त्या खोलीतले हवेचे सगळे झरोके प्लास्टिक लावून बंद करा आणि पंखा बंद ठेवा, मग पाण्याने कापा नाहीतर कोरडं.

पाणी गोठण्याचा प्रश्न तुमच्या बाबतीत तेवढा मोठा नाही. वॉल सॉचं ट्रॅक आतून भिंतीला बोल्ट करायचं, आतली खोली गरम आहे, पाणी लाँड्रीच्या नळावरून घ्यायचं, स्लरी आतच वेट व्हॅक्यूमने ओढायची. गोठतं ते गाडीतलं सामान, पंप आणि होज, पण ते सांभाळणं त्यांचं काम आहे आणि थंडीत काम करणाऱ्याला ते येतं. पाण्यात अँटीफ्रीझ घालणार का हे मात्र विचारा, घालणार असतील तर ती स्लरी कशात भरून कुठे नेणार तेही. तसंही स्लरी गटारात सोडायची नसते, ती खूप अल्कधर्मी असते, कातडी भाजते.

आणि पेट्रोलवर चालणारं मशीन आत आणू देऊ नका. थंडीमुळे दारं खिडक्या बंद असतात, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, कळायच्या आत माणूस कोसळतो. इलेक्ट्रिक किंवा हायड्रॉलिक सॉ आत, तिला जोर देणारा पॉवर पॅक बाहेर, असं लेखी घ्या.

मातीचं काम

ताई, दुसरा माणूस तुम्हाला खरं तेच सांगतोय. सगळे सॉबद्दल बोलतायत पण तुमचा निर्णय खोदाईवर ठरणार आहे.

थंड प्रदेशात पाया जमीन जेवढी गोठते त्याच्या खाली नेऊन बसवलेला असतो. वरची माती त्या पायाचं पांघरूण आहे. विंडो वेलसाठी तुम्ही भिंतीलगत खड्डा घेतलात आणि उणे १५ मध्ये तो उघडा राहिला की थंडी सरळ फूटिंगच्या (पायाचा तळचा रुंद भाग) खालच्या मातीपर्यंत उतरते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, शिवाय गोठलेला थर खालचं पाणी वर ओढून घेतो आणि बर्फाचे पापुद्रे वाढत जातात. ती माती फूटिंग उचलते. सगळीकडे सारखं उचललं तर एक वेळ चालेल, पण खड्ड्यापाशीच उचललं तर भिंतीला तडा जातो, आणि नेमकी तीच भिंत तुम्ही कापलेली असणार.

करायचंच असेल तर जमीन आधी हीटरने आणि ब्लँकेटने वितळवून घ्यायची, खड्डा घेतला की त्याच दिवशी इन्सुलेटेड ब्लँकेटने झाकायचा, आणि परत भरताना गोठलेली ढेकळं अजिबात टाकायची नाहीत. ती वितळली की माती खाली बसते आणि सगळं पाणी भिंतीकडे वळतं. ह्या सगळ्याचा खर्च एका ओळीच्या कोटेशनमध्ये आहे का बघा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खोदाईचा हा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, आज रात्री घरात वाचून दाखवते. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये "कोपऱ्यांना कोअर, ओव्हरकट नाही" असं लिहिलंय आणि त्याचे वेगळे पैसे लावलेत. ते कशासाठी? आणि कापलेला तुकडा बाहेर कसा काढतात?

साइटवरचा

ते पैसे द्या. ब्लेड गोल असतं, त्यामुळे पुढून काप कोपऱ्यापर्यंत पोचला तरी भिंतीच्या मागच्या बाजूला कोपरा कापायचा राहतो. तो सोडवायला ब्लेड कोपऱ्याच्या पुढे नेलं की भिंतीवर अधिकच्या चिन्हासारखे काप राहतात, तो ओव्हरकट. वरच्या कोपऱ्यात असा काप गेला तर लिंटेल टेकायच्या जागेच्या सळया तुटतात आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी चारी कोपऱ्यांत कोअर ड्रिलने गोल भोक पाडतात आणि काप त्या भोकात नेऊन थांबवतात. हँड सॉने करतो म्हणणाऱ्याला खोली विचारा, १६ इंची ब्लेड जेमतेम ६ इंच कापतं, तुमची भिंत ८ इंची आहे.

वजनाचा हिशोब तुम्हीच करून बघा. १.२ गुणिले १.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.२८८ घनमीटर, काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो, म्हणजे जवळपास ७०० किलो. अखंड तुकडा बेसमेंटमध्ये आडवा केला तर खालची फरशी फुटेल किंवा कोणाचा तरी पाय जाईल. किती तुकडे, कुठल्या क्रमाने, जिन्यातून जाणार की खड्ड्यातून उचलणार, हे कापायच्या आधी ठरलेलं हवं आणि कागदावर हवं. टेकू इंजिनियरच्या ड्रॉइंगप्रमाणे आधी लागले पाहिजेत, पहिल्या कापानंतर नाही.

वाचक

फरशीत गरम पाण्याचे पाइप आहेत का ताई? टेकू किंवा मशीन बोल्ट करायला फरशीत भोकं पाडतात. हीटिंग काही तास बंद ठेवून परत चालू करा आणि थर्मल कॅमेऱ्याने फोटो घ्या, पाइप रेषेरेषेने दिसतात. भिंतीत वायरचे कंड्युट (वायर ओढायच्या नळ्या) असतील तर रडार स्कॅन करून घ्या.

मूळ धागाकर्ती

फरशीत पाइप आहेत! बरं झालं विचारलंत, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

घरात बोलणं झालं. दुसऱ्या माणसाला काम द्यायचं, खोदाई आणि कटिंग दोन्ही जमीन वितळल्यावर, स्कॅन मात्र आत्ताच. तोपर्यंत मुलगी वरच झोपेल. तारीख कधीची धरू?

मातीचं काम

खिडकी घरात येऊन, पेटी उघडून, मापं ताडून झाल्याशिवाय तारीख देऊ नका. वसंतातही रात्री पारा शून्याखाली जातो, भोक पडलंय आणि खिडकी यायचीय असं झालं तर जवळच्या नळाच्या पाइपलाइन गोठून फुटतात. इन्सुलेशन लावलेलं प्लायवूडचं झाकण मापाने कापून तयार ठेवायला सांगा. आणि फटी भरायचं ग्राउट, सीलंट कुठलं वापरणार ते विचारून त्याच्या डब्यावरचं किमान तापमान वाचा, बऱ्याच मालाला ५ अंशांच्या वर लागतं, रात्रीसुद्धा.